जाणाऱ्या स्वयंसेवकाचे आभार कसे मानावेत?

संध्याकाळी सहानंतर ऐरोली स्टेशनवर उभे राहिले की एक ठरलेले दृश्य दिसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथल्या आयटी पार्कमधून तरुण मुले-मुली घोळक्याने बाहेर पडतात. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, कानात इअरफोन. कोणी ठाण्याकडे जाणारी गाडी पकडतो, कोणी वाशीकडची, कोणी पुलावरून मुलुंडची बस. या घोळक्यात आपल्याही घरातले कोणी ना कोणी असते. मुंब्र्याचा भाचा असेल, कौशाची सून असेल, महाडहून नोकरीसाठी आलेला पुतण्या असेल.

यांतला बहुतेक जण घरी जाऊन जेवतो, घरच्यांशी बोलतो आणि झोपतो. पण काही जण असे असतात की मुले झोपल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडतात. आई विचारते, "अजून ऑफिसचे काम संपले नाही का रे?" तो म्हणतो, "ऑफिसचे नाही अम्मी, दुसरे आहे." हे 'दुसरे' काय असते ते घरात फारसे कोणाला कळत नाही. त्याचा पगार मिळत नाही, पदोन्नती मिळत नाही आणि नातेवाइकांत सांगावे असे त्याला नावही नसते. तरीही तो वर्षानुवर्षे ते करतो. मग एक दिवस थांबतो. मूल झालेले असते, वडील आजारी असतात, नोकरी बदललेली असते किंवा तो नुसता थकलेला असतो.

त्या दिवशी त्याला कोण काय म्हणते? या लेखाचा विषय तेवढाच आहे.

सर्वांसाठी मांडलेली सबील

ज्याला 'ओपन सोर्स' किंवा 'मुक्त स्रोत' म्हणतात, ते समजायला संगणकशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. संगणकाचा कोणताही प्रोग्राम म्हणजे शेवटी ओळीमागून ओळ लिहिलेल्या सूचना. बहुतेक कंपन्या या सूचना कुलपात ठेवतात. मुक्त स्रोताच्या जगात त्या उघड्या ठेवल्या जातात. कोणीही वाचावे, वापरावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि दुरुस्ती सर्वांना परत द्यावी, असा तिथला रिवाज आहे.

मोहल्ल्यात मांडलेली सबील आठवा. तिचे पाणी कोणीही प्यावे, नाव-गाव विचारले जात नाही. पण ती सबील चालते तेव्हा पहाटे कोणीतरी माठ धुतलेले असतात, बर्फ आणलेला असतो, पेले विसळलेले असतात. पाणी पिणाऱ्याला फक्त पेला दिसतो, माठ धुणारा दिसत नाही.

संगणकाच्या जगातली ही सबील लहानसहान नाही. फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये 'लिनक्स' नावाचे काम सुरू केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या पायावर उभा आहे. जगातील कितीतरी मोठमोठे संगणक त्यावर चालतात.

याहून जवळचे उदाहरण घ्या. आपण फोनवर 'क्षमा' हा शब्द लिहितो. यंत्राला मिळतात सुटे तुकडे : क, हलन्त, ष, म आणि काना. त्यांचे जोडाक्षर करून, काना योग्य जागी बसवून ते पडद्यावर नीट दाखवण्याचे काम एक छोटा प्रोग्राम करतो. त्याचे नाव 'हार्फबझ'. उर्दू जाणणाऱ्या वाचकांच्या लगेच लक्षात येईल की हा 'हर्फ' आणि फारसीतला 'बाझ' आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फहबोद यांनी हे काम उभे केले आणि खुले ठेवले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांत तेच वापरले जाते. उर्दूचे अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. ही रूपे जुळवणारा हातही तोच. आजीची उर्दू आणि नातीची मराठी एकाच फोनवर नीट वाचता येते, त्यामागे असे कोणाचे तरी काम असते.

हे सारे काम फुकट होते असे मात्र समजू नये. त्यातले बरेच काम कंपन्यांच्या पगारावरही होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेली भारतीय लिप्यांची 'लोहित' ही अक्षरमाला रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पण पगारी कामाच्या शेजारी रात्रीचे, सुट्टीचे, बिनपगारी काम सतत चालू असते. तेच कोणाच्या नजरेस पडत नाही.

मराठी करण्याचे काम

आपल्या भाषेतले एक काम पाहू. एखादा प्रोग्राम मराठीत आणायचा म्हणजे त्याच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ मराठीत लिहायची. अशा ओळी हजारोंनी असतात. २००० च्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स' नावाने भारतीय भाषांसाठी हे काम सुरू झाले. पुढे निरनिराळ्या गटांनी ते चालवले. आज फायरफॉक्स मराठीत वापरता येतो, लिब्रेऑफिस मराठीत वापरता येते.

वरवर हे भाषांतर सोपे वाटते. करायला बसल्यावर कळते की 'सेव्ह' या एका शब्दावर वाद होतो. 'जतन करा' म्हणावे, 'साठवा' म्हणावे की सरळ 'सेव्ह करा'? 'फाइल'ला 'संचिका' म्हटले तर किती जणांना कळेल? इंग्रजीत एकच 'डिलीटेड' पुरतो. मराठीत चित्र हटवले जाते, फाइल हटवली जाते आणि फोटो हटवला जातो. यंत्राला लिंग कळत नाही, म्हणून भाषांतरकाराला अशी वाक्यरचना शोधावी लागते की तिन्ही ठिकाणी ती चुकीची वाटू नये. कधी इंग्रजी वाक्याच्या मधोमध एक रिकामी जागा असते, तिथे यंत्र स्वतः आकडा भरते. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून ती जागा हलवावी लागते. जागा चुकली तर प्रोग्रामच अडतो. हे शब्द सगळीकडे सारखे असावेत म्हणून २००८ पासून 'फ्युएल' नावाच्या उपक्रमात भारतीय भाषांचे जाणकार एकत्र बसून नेहमीच्या शब्दांच्या याद्या ठरवू लागले.

एखादा स्वयंसेवक पाच वर्षे हे काम करतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक वेगळीच पुंजी तयार होते. कोणता शब्द का निवडला, कोणता का सोडला, कुठे वाद झाला, कोणती ओळ नाजूक आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. तो गेला की ते ज्ञानही जाते. म्हणून त्याला निरोप देणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच, शिवाय कामाच्या पुढच्या आयुष्याचाही प्रश्न आहे.

आभार नसतील तर काय होते?

आभार मानले नाहीत तर काय बिघडते, याचे एक मोठे उदाहरण २०२४ मध्ये जगाने पाहिले.

'एक्सझेड' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. माहिती दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. पण लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत तो बसवलेला असतो. त्याची देखभाल फिनलंडमधील लासे कॉलिन हे एकटे, बिनपगारी, अनेक वर्षे करत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला : काम हळू का चालले आहे, दुरुस्त्या कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे का देत नाही? कॉलिन यांनी आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचेही सांगितले होते. तरी तगादा थांबला नाही. त्याच काळात 'जिया टॅन' या नावाची एक व्यक्ती मोठ्या नम्रतेने मदत करत होती. हळूहळू तिच्या हाती अधिकार आले. आणि २०२४ च्या सुरुवातीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तिने एक चोरदरवाजा बसवला.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने खोलात जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो चोरदरवाजा जगासमोर आला. मोठे संकट थोडक्यात टळले.

या घटनेची तांत्रिक चर्चा पुष्कळ झाली. घरात बसून वाचणाऱ्याला त्यात एक साधी गोष्ट दिसते. एक माणूस थकला होता. त्याच्याकडे मागणाऱ्यांची रांग होती, पण 'तुम्ही आजवर केले ते फार झाले, आता थोडे थांबा, आम्ही पाहतो' असे म्हणणारे कोणी नव्हते. अशा थकलेल्या माणसाकडे जो गोड बोलून आला, त्याच्या हाती किल्ली गेली.

याच्या दहा वर्षे आधी, एप्रिल २०१४ मध्ये, 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला होता. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या प्रोग्राममध्ये तो होता. जगभरातील बँका आणि दुकाने ज्यावर विसंबून होती, त्या कामासाठी पूर्ण वेळ देणारा जेमतेम एक माणूस होता. वर्षभरात मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर. दोष सापडल्यावर मोठ्या कंपन्यांनी मिळून निधी उभारला. सबीलीचा माठ फुटल्यावर मोहल्ला जमा व्हावा, तसेच हे झाले.

निरोपाच्या काही चांगल्या रीती

सगळीकडे असेच घडते असे नाही. या जगाने निरोपाच्या आणि कृतज्ञतेच्या काही सुंदर रीतीही घडवल्या आहेत.

पहिली रीत लिनक्सची. त्याच्या मूळ मजकुरात दोन याद्या असतात. एका यादीत आज कोण कोणत्या भागाची देखभाल करतो त्यांची नावे. दुसऱ्या यादीत ज्यांनी काम केले त्यांची नावे. कोणी जबाबदारी सोडली की त्याचे नाव पहिल्या यादीतून काढून दुसऱ्या यादीत लिहिले जाते. लिनक्सचा तो मजकूर जिथे जिथे जातो, तिथे हे नावही जाते. हारतुरे सुकतात, कामातच लिहिलेले नाव मात्र कामाइतकेच टिकते.

दुसरी रीत 'डेबियन' या जगभरच्या स्वयंसेवी गटाची. तिथला सदस्य थांबू इच्छित असेल तर त्याला सन्माननीय निवृत्त असा दर्जा मिळतो. त्याच्याकडच्या किल्ल्या परत घेतल्या जातात, त्यात अविश्वास नसतो, ती सुरक्षेची गोष्ट असते. उद्या परिस्थिती बदलली आणि यावेसे वाटले तर परतीची वाट सोपी ठेवलेली असते. जाणाऱ्याला 'तू सोडून गेलास' असे कोणी म्हणत नाही.

याच डेबियनच्या इतिहासात जोएल क्लेकर हे नाव आहे. हा तरुण दूरवरून नेटाने काम करत असे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊकच नव्हते की स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने तो अंथरुणाला खिळलेला आहे. ११ जुलै २००० रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी तो गेला. पुढच्याच महिन्यात आलेली डेबियनची २.२ ही आवृत्ती त्याला अर्पण करण्यात आली. ज्याच्याशी आपण रोज बोलतो तो कोणत्या हालात बसून आपले काम करतो आहे हे आपल्याला माहीत नसते. त्याचे आभार मानायला शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, हे या कहाणीतून प्रत्येकाने घ्यावे.

तिसरी गोष्ट ब्राम मूलेनार यांची. नेदरलँड्सच्या या माणसाने १९९१ मध्ये 'व्हिम' हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम लोकांना दिला. त्याचे पैसे मागितले नाहीत. आवडला तर युगांडातील किबाले येथील अनाथ मुलांना मदत करा, एवढीच विनंती प्रोग्राम उघडताच दिसे. तीन दशके ते त्याची देखभाल करत राहिले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी काम पुढे नेले आणि २ जानेवारी २०२४ रोजी आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण केली. श्रद्धांजलीच्या शब्दांबरोबर चालू राहिलेले काम आले, म्हणून त्या आभारांना वजन आले.

आणि जाणे म्हणजे कायमचे तोंड फिरवणे नव्हे, हे 'पायथन' ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या खिडो व्हान रोसम यांनी दाखवले. एका बदलावरून फार कडवट वाद झाल्यावर जुलै २०१८ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले. आपला वारस त्यांनी नेमला नाही, तो निर्णय साथीदारांवर सोडला. साथीदारांनी विचार करून पाच जणांचे मंडळ निवडून आणले. २०१९ च्या त्या पहिल्या मंडळात खिडोही होते, पण पाचांपैकी एक म्हणून.

बेळगावात वाढलेला माणूस

आपल्या जवळचे नाव घ्यायचे तर अतुल चिटणीस यांचे घ्यावे लागेल. जन्म १९६२ चा, बर्लिनचा, पण बालपण आणि शिक्षण बेळगावात. तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमधून ते इंजिनिअर झाले आणि पुढे बंगळूरला स्थायिक झाले. इंटरनेट भारतात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्याच्या सहा वर्षे आधी, १९८९ मध्ये, त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवावेत अशी सोय उभी केली होती.

१९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' या मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाचकांना देण्याची मोहीम सुरू झाली. तिच्यामागे चिटणीस होते. त्या दिवसांत इंटरनेट इतके मंद आणि महाग होते की लिनक्स उतरवून घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होते. मासिकाच्या किमतीत ती सीडी घराघरात पोहोचली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती तरी भारतीय इंजिनिअरांनी लिनक्स प्रथम पाहिले ते त्या सीडीवर.

२००१ मध्ये बंगळूरला लिनक्सचे संमेलन सुरू झाले. २००५ पासून ते 'फॉस डॉट इन' या नावाने ओळखले जाऊ लागले. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारे हे संमेलन आशियातील मोठ्या संमेलनांत गणले गेले. चिटणीस यांचा आग्रह असे की भारतीयांनी मुक्त स्रोताचा नुसता उपयोग करून थांबू नये, त्यात स्वतःची भर घालावी. स्वभाव स्पष्टवक्ता. त्यांच्याशी वाद घातलेली माणसेही कमी नव्हती. २०१२ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच वर्षाअखेरचे संमेलन शेवटचे ठरले. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते गेल्यावर देशभरातून लोकांनी लिहिले. ज्यांचे त्यांच्याशी पटत नव्हते, त्यांनीही त्यांचे ऋण मान्य केले. यातून एक शिकण्यासारखे आहे. आभार मानण्यासाठी मतभेद पुसावे लागत नाहीत. ज्या माणसाशी आपण भांडलो, त्याच्या कामाचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडता येतो. मात्र हे सगळे ऐकायला तो माणूस नसतो, तेव्हा मन चुकचुकतेच.

घरच्यांचे आभार

या सर्व कहाण्यांत एक पात्र सहसा लिहिलेच जात नाही, ते म्हणजे घर.

स्वयंसेवकाने रात्री दोन तास दिले असे आपण म्हणतो. ते दोन तास आले कुठून? ते पत्नीच्या गप्पांतून आले, मुलाच्या अभ्यासाच्या वेळेतून आले, अब्बांबरोबर चहा घेत बसण्याच्या वेळेतून आले. मुलीने हे काम घेतले असेल तर तिचे तास आणखी अवघड असतात. स्वयंपाकघर आवरल्यावर, लेकरू निजल्यावर उरलेल्या वेळातून तिने ते काढलेले असतात. घरातल्या कोणीतरी, बहुधा न बोलता, ती जागा भरून काढलेली असते.

म्हणून आभाराचे पत्र लिहिताना घरच्यांचा उल्लेख जरूर करावा. नावे घेऊ नयेत, खासगी गोष्टी उघड करू नयेत, पण 'तुमच्या घरच्यांनी दिलेल्या वेळावर आमचे काम उभे राहिले' हे एक वाक्य असावे. ते पत्र घरात वाचून दाखवले जाते. आपला मुलगा रात्री जागून काय करत होता हे त्या दिवशी त्याच्या आईला पहिल्यांदा कळते.

पत्र कसे असावे?

'तुमच्या अमूल्य योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार' हे वाक्य कोणालाही लिहिता येते, आणि कोणालाही लिहिलेले असू शकते. म्हणूनच ते लागत नाही. आभार नेमके असावेत. पुढे एक नमुना देत आहोत. आपल्या कामाप्रमाणे त्यात बदल करावा.

"प्रिय भाई, सलाम.

या महिन्यापासून आपण मराठी भाषांतराचे काम थांबवत आहात हे कळले. आपल्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे. कारण विचारण्याचा आमचा हक्क नाही.

आपण आलात तेव्हा अर्ध्याहून अधिक पडदे इंग्रजीत होते. आज ते मराठीत आहेत. 'हटवले', 'हटवली', 'हटवला' या घोळावर आपण काढलेला तोडगा आम्ही अजूनही वापरतो. नव्या मुलांच्या चुका आपण कधी चारचौघांत काढल्या नाहीत, बाजूला घेऊन समजावल्या. आमच्यातले दोघे त्यामुळेच टिकले.

शब्दयादी आणि तिच्यामागची कारणे आपण लिहून दिलीत. ती आम्ही जपून ठेवली आहे. आपल्याकडचे काम तिघांनी वाटून घेतले आहे, त्यामुळे मागचा विचार मनात ठेवू नये. आपले नाव योगदान देणाऱ्यांच्या यादीत राहील.

पुढचे तीन महिने आम्ही कामासाठी आपल्याला त्रास देणार नाही. त्यानंतर कधी वाटले तर दार उघडे आहे, नाही वाटले तरी आपले नाते तेच आहे.

आपल्या अम्मी-अब्बांना आणि घरातील सर्वांना सलाम सांगा. त्यांच्या वाट्याचा वेळ आम्हाला मिळाला, याची आम्हाला जाणीव आहे."

या पत्रात मोठे शब्द नाहीत. त्यात चार गोष्टी आहेत : नेमके काय केले, आता ते कोण करणार, अपराधी वाटून घेऊ नका, आणि परत यायचे असेल तर या. यातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची. 'तुमच्याशिवाय आमचे कसे होणार' हे वाक्य कौतुकासारखे वाटते, पण जाणाऱ्याच्या पायात ते बेडी होते. 'आम्ही वाटून घेतले आहे' हे ऐकले की त्याला शांत झोप लागते.

जाणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. शक्य असेल तर महिना-दोन महिने आधी सांगावे. किल्ल्या आणि पासवर्ड ज्याच्या-त्याच्या स्वाधीन करावेत. डोक्यात असलेले कागदावर उतरवावे. रागाने जायचे असेल तर पत्र लिहून एक रात्र तसेच ठेवावे, सकाळी पुन्हा वाचावे. आणि अचानक आजारपण किंवा संकट आले म्हणून यांतले काहीच जमले नाही, तरी स्वतःला दोष देऊ नये. स्वखुशीने दिलेला वेळ होता तो.

आपण काय करू शकतो?

आपण संगणकाचे जाणकार नसलो तरी या साखळीत आहोतच. ज्या मोफत प्रोग्रामवर घरातला मुलगा शाळेचा प्रकल्प लिहितो, त्याच्या 'माहिती' या भागात करणाऱ्यांची नावे असतात. एकदा मुलांसोबत ती वाचावीत. मराठीत एखादी ओळ चुकीची दिसली तर नुसती हसण्यावारी न नेता कळवावी, आणि कळवताना आधी दोन चांगले शब्द लिहावेत. ऐपत असेल तर थोडी देणगी द्यावी. ऐरोली, ठाणे, पनवेल परिसरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एखाद्या मराठी भाषांतराचा थोडा भार उचलला, तर थकलेल्या कोणाला तरी थांबता येईल.

हा हिशेब संगणकापुरता नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयात वीस वर्षे बसलेले चाचा, सुट्टीत मुलांची शिकवणी घेणारी बाजी, कब्रस्तानची नोंदवही सांभाळणारा शेजारी, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे धावणारा सेक्रेटरी, हे सगळे एक दिवस थांबतात. बहुतेक वेळा त्यांच्या थांबण्याची बातमी आपल्याला तक्रारीच्या रूपात कळते : वाचनालय बंद का, पाणी का आले नाही?

रात्री ऐरोलीच्या इमारतींत उशिरापर्यंत काही दिवे जळत असतात. त्यांतला एखादा दिवा आज कायमचा लवकर मालवला जाणार असेल, तर ती वाईट बातमी समजू नये. एका माणसाला त्याची रात्र परत मिळते आहे. त्याच्या घरी असाल तर सकाळी चहा देताना एकदा विचारा, "इतकी वर्षे काय करत होतास रे, जरा दाखव तरी." तो दाखवील, आणि बराच वेळ दाखवत राहील.